आमच्या घरात हे असंच असतं

विम्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ज्या अटी छापलेल्या असतात, त्या कुणीतरी बसून लिहिलेल्या असतात हे लोकांच्या लक्षातच येत नाही. त्या मी लिहितो. माझ्या अटी आजवर कुणी शेवटपर्यंत वाचल्याचं ऐकिवात नाही, आणि बायकोच्या मते तर त्या कुणी सुरुवातीपासूनही वाचत नाही. पण नियम कसा करावा, त्यात फट कुठे राहते आणि ती कशी बुजवावी, हे आपल्याला कळतं असा माझा समज होता. त्या समजाचं काय झालं ते आता मीच सांगितलेलं बरं, कारण सोसायटीत जे सांगितलं जातं त्यात तिखटमीठ फार आहे.

सुरुवात आतोबांच्या फोनने झाली. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सारा जन्म छापखान्यात मशीनवर गेला. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाला ‘कागद दे’ एवढं सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. पुढे छापखाना बंद पडला, मग आत्या गेली, आवाज मात्र होता तसाच राहिला. तर आतोबांनी फोनवर सांगितलं की घरात खालून ओल येते, कंत्राटदाराने सगळी फरशी उखडली आहे आणि थोडे दिवस कुठेतरी राहा म्हणतो. मी फोन कानापासून हातभर लांब धरला होता. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “हो म्हणा.” तिला सगळं तिथे ऐकू गेलं होतं.

हो तर मी म्हणालोच. पण मागे एकदा आतोबा मुक्कामाला आले होते त्याची आठवण ताजी होती. बाथरूममध्ये रेडिओ घेऊन जायचे आणि पाण्याचा आवाज आडवा येतो म्हणून तो मोठा करायचे. दिवे घालवल्यावर बाहेरच्या खोलीतून “झोपलास का रे?” असं विचारायचे, आणि मी झोपलेला असलो तर त्या प्रश्नानेच जागा व्हायचो. आता आमचं घर म्हणजे काही वाचनालय आहे अशातला भाग नाही. बायको रोज तिच्या बहिणीशी फोनवर बोलते. तिची बहीण पलीकडच्याच रस्त्यावर राहते, तेव्हा फोन नसता तरी चाललं असतं. मुलगी दार लावून गिटार वाजवते आणि त्यावर गाते, पण दार पातळ आहे. शिवाय या दोघी एकमेकींशी जे काही बोलतात ते दोन वेगवेगळ्या खोल्यांतून. घरात शांतताप्रिय माणूस असा मी एकटाच. मॅच बघताना पंचांना दोन शब्द सुनावतो तेवढं सोडा, ते हक्काने सुनावतो.

थोडक्यात, घर आधीच डोक्यावर होतं. त्यात आतोबांची भर पडली तर आपलं काही खरं नाही, नियम हवेतच, हे मी मनाशी पक्कं केलं. प्रश्न होता सांगायचे कसे. लहानपणी सुट्टीत ज्यांनी मला खांद्यावर बसवून छापखाना दाखवला, कागदाच्या रद्दीच्या ढिगावर मनसोक्त लोळू दिलं, त्यांना ‘आमच्याकडे हळू बोला’ असं कुठल्या तोंडाने सांगणार?

इथे आमचे शेजारी मदतीला आले. ते निवृत्त दंतवैद्य आहेत. आयुष्यभर ते अशा माणसांशी बोलले ज्यांचं तोंड उघडं आणि जीभ बधिर होती, त्यामुळे समोरचा मध्ये बोलू शकतो ही कल्पनाच त्यांना नाही. मी जिन्यात नुसतं “आतोबा येणार आहेत,” एवढं म्हणालो, आणि त्यांनी माझी पुढची सगळी अडचण स्वतःच सांगून, स्वतःच उत्तर दिलं.

“पाहुण्याला नियम सांगायचेच नाहीत,” ते म्हणाले. “आमच्या घरात हे पहिल्यापासून असंच असतं, असं सांगायचं. पाहुणा आपोआप पाळतो. उलट त्यालाच संकोच वाटतो.”

मला हे इतकं पटलं की मी त्यांच्यासमोर मान डोलावत राहिलो. एकही फट नव्हती. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती पोळ्या लाटता लाटता थांबली.

“म्हणजे आपण पण पाळायचे?”

“दाखवण्यापुरते. त्यांची फरशी बसेपर्यंत.”

“आणि तुम्ही?”

मी तर म्हटलं जन्मापासून पाळतोच आहे. यावर ती जे हसली त्याकडे मी दुर्लक्ष केलं.

आतोबा आले ते एक बॅग आणि तो रेडिओ घेऊन. चहा झाल्यावर मी विषय काढला. आमच्या घरात, मी म्हटलं, पहिल्यापासून थोडी शिस्त आहे. इथे कुणी मोठ्याने बोलत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारत नाही, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याजवळ चालत जाऊन बोलतो. जेवताना बोलत नाही. टीव्ही आवाज बंद ठेवून बघतो. अंघोळ आटोपशीर करतो आणि बाथरूममध्ये गाणं, रेडिओ वगैरे नसतं. बोलता बोलता मला हुरूप येत गेला आणि जे आधी ठरलं नव्हतं तेही मी आमच्या घरात पहिल्यापासून घालून टाकलं. दार आपटायचं नाही. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. मुलगी माझ्याकडे असं बघत होती की हे कुणाचं घर.

आतोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मांडीवरचा रेडिओ उचलून बॅगेत घातला, चेन लावली आणि म्हणाले, “असं होय. फार चांगलं आहे.” इतक्या हळू म्हणाले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. आतोबांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मोहीम फत्ते झाली असं वाटून मी खूश झालो, याची मला आता लाज वाटते.

आतोबा नियम पाळत होते, इथवर ठीक होतं. पण ते इतक्या काटेकोरपणे पाळत होते की त्यांच्यासमोर मोडायची आमची टाप नव्हती. दूध उतू चाललं तरी बायको ओरडेना. ती तरातरा चालत बाल्कनीत यायची, माझ्या कानाशी “दूध उतू जातंय” म्हणायची आणि तशीच तरातरा परत जायची. तोवर दूध शेगडीवर. जेवणात माझे हाल वेगळेच. भाजीत मीठ नसलं तर सांगायची सोय नाही. मी भाजीकडे बोट करून, चेहरा वाकडा करून, चिमटीने मीठ टाकल्याचा आविर्भाव करायचो. आतोबा आदबीने मला आणखी भाजी वाढायचे.

कळस झाला तो बाथरूममध्ये. आमच्या बाथरूमची कडी जुनीच दुखणेकरी आहे. एका सकाळी ती आतून अडकली ती अडकलीच. एरवी मी सोसायटीभर ऐकू जाईल अशी हाक मारली असती. पण बाहेर आतोबा बसले होते आणि बाथरूममधून ओरडायचं नाही हा नियम मीच तर सांगितला होता. मी दारावर टिचकी मारली. पावलं जवळ आली, थांबली, आणि बाहेरूनही तशीच टिचकी ऐकू आली. मग पावलं परत गेली. आतोबांना वाटलं, अंघोळ आटोपल्याची खूण करायची इथे पद्धत असावी, आणि त्यांनी ती मिळाल्याची पोच दिली. मी पुन्हा टिचकी मारली, त्यांनी पुन्हा पोच दिली. बायको भाजी घेऊन येईपर्यंत आमचं हे असं चाललं होतं. कचेरीत उशीर का झाला ते साहेबांना सांगताना मी तब्येतीचं कारण दिलं.

त्यात आतोबांना आमचा अभिमान वाटू लागला. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते हळू आवाजात सांगत, की माझ्या भाच्याच्या घरासारखं घर पाहिलं नाही. हे सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर गेलं. सेक्रेटरी म्हणजे पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायचं तर तीन सभा घेणारा माणूस. ते कमिटीतल्या दोघांना घेऊन आमचं घर पाहायला आले. जेवायच्याच वेळी आले, म्हणजे नियम प्रत्यक्ष बघता येतील म्हणाले. आम्ही चौघं जेवतोय आणि भिंतीशी तिघं उभे राहून शांतता बघताहेत, असा तो प्रकार होता. मध्येच कुकरची शिट्टी झाली. सेक्रेटरींनी भुवया उंचावून त्याची दखल घेतली आणि जाताना, शिट्टी नसलेला कुकर मिळतो का, अशी चौकशी केली.

लगेच सभा झाली. साऱ्या इमारतीसाठी शांततेचे नियम करावेत आणि मसुदा मी करावा असं ठरलं. तो मी केला. माझं लिखाण शेवटपर्यंत वाचलं गेलं असा तो पहिलाच प्रसंग, आणि त्यावर पुढच्या सभेत एवढी आरडाओरड झाली की खालचा पहारेकरी वर बघून गेला. मसुदा दुरुस्तीसाठी माझ्याकडे परत आला आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. घरात कुणी बोलत नव्हतंच. आता जिन्यातही लोक बोलेनासे झाले.

मग हळूहळू घर संध्याकाळचं रिकामं होऊ लागलं. बायकोला एकदम चालायला जायची आवड लागली. मुलगी ग्रंथालयात बसू लागली. आतोबा बागेत जातो म्हणायचे. मी कचेरीतून येऊन एकटाच खुर्चीत बसायचो. पहिल्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं. नंतर लक्षात आलं की आमचा फ्रिज मधूनमधून गुरगुरतो आणि मग एकदम थांबतो. पुढे पुढे मी तो कधी गुरगुरतो याची वाट बघू लागलो.

सहन होईना तेव्हा मी दंतवैद्यांकडे गेलो. नियम त्यांच्याच सल्ल्याने केलेले, तेव्हा ते मोडायची सोय त्यांनीच करून द्यावी हे रास्त होतं. ते आनंदाने तयार झाले. पण सवय कुठे जाते? त्यांनी मला अपॉइंटमेंट दिली. कचेरीतून थेट त्यांच्याकडे जायचं, मोठ्या आवाजात टीव्ही बघायचा, पंचांना काय ते सुनावायचं आणि मग शहाण्यासारखं घरी जायचं. “मात्र वेळेवर निघायचं,” ते बजावायचे. “पुढचे पेशंट असतात.” जुन्या धंद्यातली थट्टा असेल म्हणून मी सोडून दिलं.

असंच एकदा मी निघताना ते म्हणाले, “लेकीचं अभिनंदन हं. तिथे शिकायला खूप मिळेल तिला.”

मी विचारलं, “कुठे?”

तर मुलीला नोकरी लागली होती. मोठ्या वास्तुरचनाकारांकडे, हवी तशी, पहिलीच. मी “हो ना, हो ना,” केलं आणि बाहेर पडलो. लिफ्टमध्ये भेटली असेल, सांगितलं असेल त्यांना, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण पोटच्या पोरीची बातमी शेजाऱ्याकडून कळावी हे मला फार लागलं. त्या रात्री जेवताना ती समोरच बसली होती. विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतोबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड मिटलं. मुलीकडे बघून नुसती मान हलवली. तिने मला मीठ दिलं.

त्या दिवसापासून मला आतोबांचा राग येऊ लागला. हे सगळं त्यांच्यामुळे, आणि ती फरशी तरी किती दिवस बसवायची? मी त्यांच्या कंत्राटदाराचा नंबर मिळवला आणि कचेरीतून त्याला फोन लावला. त्याची खरडपट्टी काढायची पूर्ण तयारी होती. तो बिचारा चकित झाला. म्हणाला, “साहेब, काम कधीच झालं. किल्ली माझ्याकडेच पडून आहे. दोनदा फोन केला, तर काका म्हणाले, असू दे, घाई नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे घर तयार, आणि हे गृहस्थ आमच्याकडे आरामात. मला माझ्याच घरात मुलीशी बोलायची चोरी, कडी अडकली तर मी टिचक्या मारतोय, आणि यांना आमची शिस्त मानवली. आज सरळच विचारायचं असं ठरवून मी घरी आलो, तर घरात कुणी नाही. नुसता फ्रिज. निदान कुणाजवळ तरी हे ओकावं म्हणून मी तडक दंतवैद्यांची बेल वाजवली.

त्यांचं जाडजूड सागवानी दार किलकिलं झालं. दंतवैद्य फटीतून म्हणाले, “आज तुमची वेळ नाही.”

आतून मॅचचा आवाज येत होता. त्यावर मात करून कुणीतरी पंचांना सुनावत होतं, आणि तो आवाज छापखान्यातला होता. मी दार ढकललं. सोफ्यावर आतोबा, हातात रेडिओ. समोर टीव्ही चालू असूनही तो कानाला लावलेला. आतल्या खोलीतून बायको बहिणीशी बोलत होती. “अगं, मीठ मागता येत नाही म्हणून खुणा करतात, तू बघायला हवं होतंस,” असं काहीतरी ऐकू आलं. बाल्कनीत मुलगी गिटार घेऊन गात होती आणि मध्येच तिथूनच ओरडली, “आजोबा, स्कोअर काय?”

आतोबा उत्तर द्यायला वळले आणि त्यांना मी दिसलो. त्यांनी रेडिओ बंद केला. दंतवैद्यांनी टीव्ही बंद केला. एकेक करून सगळ्यांचे आवाज थांबले.

या तिघांची वेळ एकच होती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. फक्त माझी वेगळी होती. माझं घर रोज संध्याकाळी इथे भरत होतं, आणि मी जिन्याच्या पलीकडे फ्रिज ऐकत बसत होतो. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

“मला कुणी सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“तुम्हाला शांतता हवी होती ना,” बायको म्हणाली. “म्हटलं, मिळू द्या.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते जास्त लागलं.

मग मी आतोबांकडे वळलो. रागाचं काहीतरी शिल्लक होतं, ते काढलं. “तुमची फरशी झालीय आतोबा. किल्ली कंत्राटदाराकडे आहे.”

“ठाऊक आहे रे,” आतोबा म्हणाले. अजून हळूच बोलत होते, माझ्यासमोर म्हणून. “फरशी छान झालीय. एकदा जाऊन पाहून आलो. तिच्यावर चाललो तर माझ्याच चपला वाजत होत्या. दुसरा आवाजच नाही घरात. तुझी आत्या गेल्यापासून असंच आहे. तुझ्याकडे गडबड असते. मागे आलो होतो तेव्हा सूनबाई इकडून ओरडते, पोरगी तिकडून ओरडते, तू टीव्हीवर ओरडतोस. मला फार बरं वाटलं होतं. म्हणून खरं तर आलो. ओल काय, ती पुष्कळ वर्षं होती. पण आता तुमच्याकडे ही शिस्त म्हटल्यावर काय बोलणार? पाहुण्याने घरच्या रीतीने राहावं. उद्या किल्ली घेतो.”

आतोबांना शांततेचा कंटाळा येऊन ते आमच्या दारी आले, आणि मी त्यांच्या हातात पुन्हा तीच ठेवली होती.

“आमच्या घरात असलं काही नव्हतं,” मी ओरडलो. “कधीच नव्हतं. खोटं सांगितलं मी. किल्ली असू दे त्याच्याकडे. चला घरी सगळे.”

आतोबांनी रेडिओ काखोटीला मारला आणि तो जुना, मशीनवरचा आवाज काढून विचारलं, “अरे, पण मॅचचं काय?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं घर जागेवर, म्हणजे आमच्या डोक्यावर, परत आलं. बायको स्वयंपाकघरातून बाल्कनीतल्या मला दुधाबद्दल ओरडून सांगत होती आणि दूध उतू गेलं नव्हतं. मुलगी बाथरूममधून नव्या कचेरीतल्या गमती सांगत होती, त्या मी बाहेर उभा राहून एकूण एक ऐकल्या. आतोबांचा रेडिओ बाहेरच्या खोलीत लागला होता. कुकरलाही जोर चढला होता. सेक्रेटरींकडून मसुद्याचं काय झालं म्हणून निरोप आला, तो मला नीट ऐकू आला नाही.

अशात बेल वाजली. कधीची वाजत असावी. दारात दंतवैद्य उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात बिस्किटांचा डबा. आज काही न बोलता उभे होते, हे मी प्रथमच पाहत होतो. त्यांच्या मागे त्यांचं दार उघडंच होतं, आणि आत टीव्ही रिकाम्या सोफ्यासमोर चालू होता.

“आज कुणीच आलं नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “म्हटलं, विचारावं. आत यायचे काही नियम आहेत का?”

मी काही बोलणार तोच बाहेरच्या खोलीतून आतोबा गरजले, “कोण आहे रे? मोठ्याने बोला, इथे काही ऐकू येत नाही.”